बटण

वूच शहरात, जुन्या कापडगिरणीच्या मागे,
तिसऱ्या मजल्यावर बटणांचं गोदाम आहे.
शिंपल्याची, शिंगाची, पितळेची,
आणि प्लास्टिकची ती स्वस्त बटणं,
ज्यांच्यावर अर्ध्या जगाची अब्रू टिकून आहे.
तिथं बोगुमिवा साठ्याचा हिशेब ठेवते.
एकतीस वर्षं झाली.
पहिली बारा डोळ्यांनी.
मग नजर कडांकडून मिटत आली
आणि मधोमध उरलं नाण्याएवढं दिसणं,
तेही धुरकट.

तिची व्यवस्था लागलेली होती:
काळा पडदा, त्यावर बोटभर उंच पिवळी अक्षरं,
बाणाभोवती जाड कडं, म्हणजे तो हरवत नसे,
आणि कानात एक यांत्रिक आवाज
इतका भरभर, की शेजारच्या टेबलावर मला
लाह्या फुटल्यासारखा ऐकू येई.
तिला शब्द न् शब्द कळे.
चार भोकांचं, तपकिरी, शिल्लक नव्वद ग्रोस.

मंगळवारी रात्री संगणकानं स्वतःला अपडेट करून घेतलं.
बुधवारी सकाळी पडदा पांढराफटक,
राखाडीवर राखाडी अक्षरं,
कडं गेलेलं, बाण गेलेला.
आवाज म्हणाला: बटण.
तिनं टॅब दाबला. बटण.
पुन्हा दाबला. बटण.
बटण. बटण. बटण.

पोलिशमध्ये शर्टाच्या बटणाला एक शब्द आहे,
पडद्यावरच्या बटणाला दुसरा.
माझ्या मराठीत दोन्हींना एकच.
मी मनातल्या मनात हसले
आणि मग बराच वेळ
तिच्याकडे बघायचं धाडस होईना.

ती उठली. खण ओढला, हात घातला.
हे ओव्हरकोटाचं. हे बाळाच्या झबल्याचं.
हे शिंगाचं म्हणून विकतात, पण शिंगाचं नाही,
गालाला लावून बघ, शिंग इतकं गार नसतं.
एकेकाला नावानं हाक मारत राहिली,
कोणीतरी तिला ऐकवायला हवं होतं म्हणून असेल.

कायेतान आला, संगणकवाला पोरगा,
कानात वाळी, हातात अर्धं सफरचंद.
त्यानं सुधारणांची यादी वाचून दाखवली:
अधिक नितळ. अधिक सुटसुटीत.
फारशा न वापरल्या जाणाऱ्या सोयी काढून टाकल्या आहेत.
"फारशा न म्हणजे किती?" तिनं विचारलं.
त्याला माहीत नव्हतं.
"एका ग्रोसात एकशे चव्वेचाळीस असतात.
एकशे त्रेचाळीस निघाली
तर गिऱ्हाईक पेटी परत पाठवतं,
आणि भाडं आपल्या बोडक्यावर."

तक्रार लिहिली. अडीच तास लागले.
शेवटी पडद्यानं विचारलं, तुम्ही यंत्र नाही ना?
जिना असलेली चित्रं निवडा.
आता ती हसली, मोठ्यानं, टेबलाला धरून.
"जिना? रोज चढते की!
बेचाळीस पायऱ्या,
एकोणिसावी फुटलेली, कितींदा सांगितलं मालकाला."
चित्रं मीच निवडली.
दोनदा चुकले. एका चित्रात शिडी होती.

तक्रार मिळाल्याची पोच आली, आभारासकट.
मग आणखी काही आलं नाही.

कायेताननं शुक्रवारी जुनी आवृत्ती शोधून घातली,
इंटरनेटची तार उपसली,
आणि तिच्या कपाटात गुंडाळी करून ठेवली.
आता मालाच्या याद्या तो पेनड्राइव्हवर आणतो,
दूधवाल्यासारखा, सकाळी नऊला.
काळा पडदा परत आला. कडं परत आलं.
लाह्या पुन्हा फुटू लागल्या.

फक्त रोज अकराच्या सुमारास
एक चौकट मध्येच उघडते:
नवी आवृत्ती तुमची वाट पाहत आहे.
खाली दोन बटणं.
एकाला नावच नाही.
दुसरं म्हणतं, नंतर.

बोगुमिवा ते दाबते,
आणि मोजायचं जिथं राहिलं होतं
तिथून पुढं मोजू लागते.